‘काही वाटत नाही’चं इंग्रजी काय?

माझ्या पीएचडीचा विषय तुम्हाला माहीतच आहे : रात्रपाळी करणाऱ्या आयटी कर्मचाऱ्यांमधला बर्नआऊट. मुलाखती मराठीत होतात आणि थीसिस इंग्रजीत लिहायचा असतो. या दोन भाषांच्या मध्ये काय काय सांडतं, ते मला एका मुलाखतीने चांगलंच शिकवलं. रिसर्चच्या तयारीत असणाऱ्यांसाठी ती चूक इथे जशीच्या तशी सांगते. (मुलाखत देणाऱ्यांची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

हिंजवडीत फेज टूजवळच्या एका सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये आम्ही बसलो होतो. ते सपोर्ट टीममध्ये, नोकरीला बरीच वर्षं झालेली. परदेशातला क्लायंट रात्री तीन वाजता कॉलवर ओरडतो तेव्हा काय होतं, असं मी विचारलं. ते म्हणाले, ‘‘सुरुवातीला फार लागायचं हो. आता काही वाटत नाही.’’

मी ट्रान्सक्रिप्टमध्ये लिहिलं, ‘इट डझन्ट बॉदर मी एनीमोर.’ समोर कोड दिला, ‘रेझिलियन्स’. माणूस कणखर झालाय, असं मी धरून चालले.

गाईड मॅडमनी ट्रान्सक्रिप्ट वाचलं आणि बाराव्या पानावर पेन्सिलीने गोल केला. तिथे तेच गृहस्थ घराबद्दल बोलत होते : ‘‘सकाळी घरी पोचलो की मुलगी पळत येऊन बिलगते. आधी सगळा शीण जायचा. आता काही वाटत नाही.’’ इथे मी लिहिलं होतं, ‘आय डोन्ट फील एनीथिंग.’ कोड काहीच दिला नव्हता. मॅडमनी एवढंच विचारलं, ‘‘माणूस एक, वाक्य एक. मग अर्थ दोन कुणी केले? त्यांनी की तू?’’

उत्तर मला देता आलं नाही. पण त्या प्रश्नामुळे मी आपल्या विषयातले इंग्रजी शब्द पहिल्यापासून पुन्हा शिकले. त्यातले काही बघू.

स्ट्रेस, स्ट्रेन, रेझिलियन्स

चाकण-भोसरीकडचे मेकॅनिकलवाले वाचक इथे हसतील, कारण हे तिन्ही शब्द त्यांच्या पुस्तकात आधीपासून आहेत. धातूवर क्षेत्रफळाच्या हिशोबाने येणारं बल म्हणजे स्ट्रेस, त्यामुळे धातूच्या आकारात होणारा बदल म्हणजे स्ट्रेन, आणि कायमचा न वाकता ऊर्जा शोषून पूर्ववत होण्याची क्षमता म्हणजे रेझिलियन्स. हान्स सेल्ये या संशोधकाने 1936 मध्ये ‘नेचर’मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांची छोटी नोंद छापली. वेगवेगळ्या त्रासांना शरीर एकसारखाच प्रतिसाद देतं, हा तिचा गाभा. पुढे या प्रतिसादाला त्याने ‘स्ट्रेस’ म्हटलं. वास्तविक तो परिणामाबद्दल बोलत होता, म्हणजे ‘स्ट्रेन’बद्दल. इंग्रजी अधिक चांगलं येत असतं तर तोच शब्द वापरला असता, असं त्याने नंतर कबूलही केलं.

मराठीत आपण दोन्हीला ‘ताण’च म्हणतो. म्हणून लिहिताना ठरवून घ्या : बाहेरून येतं ते ‘स्ट्रेसर’ (नाईट शिफ्ट, डेडलाइन, भूमकर चौकातला ट्रॅफिक), आणि माणसात जे होतं तो ‘स्ट्रेस रिस्पॉन्स’ किंवा ‘स्ट्रेन’. आणि ‘रेझिलियन्स’ लिहिण्याआधी एक प्रश्न विचारा : स्प्रिंग खरंच परत मूळ जागी आलीये, की आता ती हलतच नाहीये? लांबून दोन्ही सारखंच दिसतं. मी नेमकी तिथेच फसले.

बर्नआऊट

हा शब्द आपल्याकडे इतका स्वस्त झालाय की शुक्रवारी संध्याकाळी जो तो बर्नआऊट असतो. हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी 1974 मध्ये फ्री क्लिनिकमध्ये काम करणाऱ्या लोकांबद्दल लिहिताना तो वापरला. क्रिस्टिना मॅस्लॅक आणि सुझन जॅक्सन यांनी 1981 मध्ये तो मोजायची प्रश्नावली आणली. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-11 मध्ये, जी 1 जानेवारी 2022 पासून लागू आहे, बर्नआऊट आजार म्हणून नाही. तिथे ती कामाशी निगडित घटना आहे आणि तिची तीन अंगं सांगितली आहेत : शक्ती संपल्याची भावना, कामापासून मनाने लांब जाणं, आणि कामातली परिणामकारकता घटणं. शिवाय स्पष्ट म्हटलंय की हा शब्द फक्त कामाच्या संदर्भात वापरायचा.

आता बाराव्या पानावरची मुलगी आठवा. क्लायंटच्या ओरडण्याचं काही वाटत नाही, हे बर्नआऊटमध्ये बसू शकतं. स्वतःच्या लेकीने बिलगून काही वाटत नाही, हे ऑफिसच्या गेटबाहेर गेलं. तिथे बर्नआऊट हा शब्द अपुरा पडतो.

इथे आणखी एक खड्डा आहे. मूळ मॅस्लॅक प्रश्नावलीत एका भागाचं नाव ‘डीपर्सनलायझेशन’ आहे. ज्यांच्यासाठी काम करतो त्यांना माणूस न समजता वस्तूसारखं वागवणं, असा तिथे अर्थ. मनोविकारशास्त्रात याच शब्दाचा अर्थ पार वेगळा : आपण आपल्यापासूनच तुटलोय, स्वतःला बाहेरून बघतोय असं वाटणं. डेटाबेसमध्ये हा एकच शब्द टाकून शोधलंत तर दोन्ही प्रकारचे पेपर एकत्र येतात. आयटीसारख्या कामांसाठी प्रश्नावलीची जी सर्वसाधारण आवृत्ती आहे, तिच्यात हा भाग ‘सिनिसिझम’ नावाने येतो. आपण कोणती आवृत्ती वापरली, ते मेथडच्या प्रकरणात लिहायला विसरू नका.

‘काही वाटत नाही’चे चार अर्थ

माझ्या वहीत आता या एका वाक्यासमोर चार शब्द आहेत.

‘हॅबिच्युएशन’ : सवय झाली, म्हणून प्रतिसाद कमी झाला.
‘अ‍ॅपथी’ : करावंसं वाटत नाही, उत्साह आणि ओढ गेली.
‘इमोशनल नंबिंग’ : भावनाच बधिर झाल्या, सुखाच्याही आणि दुःखाच्याही.
‘अ‍ॅन्हेडोनिया’ : ज्यातून आनंद मिळायचा त्यातून तो मिळेनासा झाला. हा शब्द 1896 मध्ये फ्रेंच मानसशास्त्रज्ञ तेओद्यूल रिबो यांनी घडवला.

चौथा शब्द सगळ्यात जपून वाचा. रस आणि आनंद हरवणं हे डिप्रेशनच्या दोन मुख्य लक्षणांपैकी एक आहे. दुसरं म्हणजे उदास मनःस्थिती. पीएचक्यू-9 या नऊ प्रश्नांच्या चाळणीतला पहिलाच प्रश्न त्याबद्दल आहे : गेल्या दोन आठवड्यांत असं किती दिवस झालं? म्हणजे ज्या वाक्याला मी कणखरपणाचं लेबल लावलं, ते वाक्य कदाचित मदतीच्या दाराशी उभं होतं.

‘चाळणी’ हा शब्द मी मुद्दाम वापरला. ‘स्क्रीनिंग’ म्हणजे ‘डायग्नोसिस’ नव्हे. पीएचक्यू-9 चे गुण 0 ते 27 असतात आणि 10 किंवा जास्त आले की पुढे तपासणी व्हावी, असा रिवाज आहे. म्हणून ‘पार्टिसिपंट्स विथ डिप्रेशन’ असं लिहू नका. ‘स्क्रीन्ड पॉझिटिव्ह’ किंवा ‘रिपोर्टेड डिप्रेसिव्ह सिम्प्टम्स’ लिहा. निदान डॉक्टर करतात, प्रश्नावली करत नाही, आणि आपण तर नाहीच नाही.

जीव आणि काळजी

‘काळजी घे’ आणि ‘काळजी करू नको’ यात शब्द एकच, पण इंग्रजीत पहिला ‘केअर’ आणि दुसरा ‘वरी’. त्यातून ‘अँग्झायटी’ म्हणावं इतकं काही आहे का, हे वेगळं तपासावं लागतं. ‘जीव’ तर आणखी अवघड. जिवावर येतं म्हणजे नकोसं वाटतं. जीव घाबरतो, जीव गुदमरतो यात भीती शरीरातून बोलते. जीव रमत नाही यात मन लागत नाही. आणि ‘जीव नकोसा झालाय’ हे कधी नुसती कुरकुर असते, कधी नसते. तिथे भाषांतर करत बसायचं नाही. थांबून, शांतपणे आणि सरळ विचारायचं.

अशा बोलण्याला मार्क निक्टर यांनी 1981 मध्ये ‘इडियम्स ऑफ डिस्ट्रेस’ हे नाव दिलं. त्यांचा अभ्यास आपल्या शेजारचाच, कर्नाटकातल्या दक्षिण कन्नड भागातल्या स्त्रियांचा होता. त्रास सांगायच्या प्रत्येक समाजाच्या आपल्या रीती असतात, आणि त्या थेट आजाराच्या नावात बदलायच्या नसतात, हा त्यातला धडा.

लिहिताना अजून एक सवय सोडा : ‘कमिटेड सुइसाईड’. ‘कमिट’ला गुन्ह्याचा वास आहे. ‘डाइड बाय सुइसाईड’ लिहा. आपल्याकडे मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 च्या कलम 115 नेही असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असं गृहीत धरायला सांगितलंय. कायदा बदलला, आपलं वाक्यही बदलू दे.

मी आता काय करते

एक्सेलमध्ये चार रकाने : मूळ मराठी वाक्य, शब्दशः अर्थ, निवडलेला इंग्रजी शब्द, आणि तोच का निवडला. चौथा रकाना रिकामा राहिला तर तिसराही पुसायचा. शिवाय दर काही पानांमागे एक उतारा मैत्रिणीला देते. तिने मूळ न बघता इंग्रजीवरून परत मराठी करायचं. याला ‘बॅक-ट्रान्सलेशन’ म्हणतात. रिचर्ड ब्रिस्लिन यांचा 1970 चा पेपर त्यासाठी वाचा. आणि जिथे इंग्रजी शब्द बसतच नाही तिथे मराठी शब्दच थीसिसमध्ये ठेवून खाली समजावते. परीक्षक रागावत नाहीत.

राहता राहिले ते गृहस्थ. एथिक्स कमिटीला दिलेल्या आराखड्यात ‘गरज वाटल्यास पुन्हा संपर्क’ असं कलम होतं, संमतीपत्रातही होतं. मी फोन केला. म्हटलं, ‘‘तुम्ही मुलीबद्दल जे बोललात, ते मला नीट कळलं नव्हतं. परत सांगाल?’’ बराच वेळ ते गप्प होते. मग म्हणाले, ‘‘मॅडम, हे डिप्रेशन आहे का?’’

मी सांगितलं की ते ठरवणं माझं काम नाही, पण ज्यांचं आहे त्यांच्याशी बोलायला हवं. टेली-मानसचा 14416 हा नंबर दिला. तो फुकट आहे, दिवसरात्र चालू असतो, त्यामुळे रात्रपाळीवाल्यालाही सोयीचा. त्यांनी तो माझ्याकडून दोनदा वदवून लिहून घेतला. पुढे काय झालं ते मी विचारलं नाही. तो माझा डेटा नाही.

ट्रान्सक्रिप्टमधला ‘रेझिलियन्स’ मी खोडला. त्या जागी सध्या मराठीतच लिहिलंय : काही वाटत नाही.