पत्रातील हरवलेला अर्धा
(संगणकावर विशेष चिन्हे लिहिण्याच्या काही सोप्या रीती)

या स्मरणिकेत आम्ही आजवर जे काही लिहिले, ते बाजारभाव, आडत आणि धान्याची साठवण यांविषयीच लिहिले. यंदा संपादक मंडळाच्या आग्रहावरून एका निराळ्या विषयास हात घालीत आहोत. विषय दिसावयास लहान आहे. संगणकावर पत्र, करारचिठ्ठी अगर बिल लिहिताना ₹, ½, °, ॥ यांसारखी जी चिन्हे कळफलकावर सहसा दिसत नाहीत, ती कशी उमटवावीत, एवढाच तो आहे. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. हा विषय आम्हांस कोणी शाळेत शिकविला नाही. तो एका चुकीने शिकविला. ती चूक आमच्याच पेढीवर घडली, म्हणून संकोच न करता आधी तीच सांगतो.

२०१६ सालच्या दिवाळीनंतरची गोष्ट. आम्ही परगावच्या एका जुन्या गिऱ्हाइकास मका पाठविण्याचे ठरविले. ओलावा साडेतेरा टक्क्यांपर्यंत चालेल, असे तोंडी ठरले होते. आमच्या दिवाणजींनी तशी चिठ्ठी संगणकावर लिहिली व ती संगणकावरूनच रवाना केली. आमच्या पडद्यावर १३½ स्वच्छ दिसत होते. गाडी तेथे पोचली, नमुना काढला, ओलावा १३.३ भरला, आणि समोरच्या कारकुनाने दरात कपात मागितली. त्याच्या प्रतीत १३ च्या पुढे केवळ एक रिकामी चौकट होती. ती छपाईतील डाग समजून त्याने करार तेरा टक्क्यांचाच मानला होता. गाडी दिवसभर उभी राहिली. दोन्ही बाजूंनी आपापला कागद दाखविला, आणि दोन्ही कागद खरेच होते. अखेरीस कपात निम्मी निम्मी वाटून घेतली व संबंध टिकले. परंतु दोन पिढ्यांच्या व्यवहारात प्रथमच एकमेकांकडे संशयाने पाहिले गेले, हे शल्य पैशाहून मोठे होते.

अर्धा गेला कोठे, याचा आम्ही शोध घेतला. संगणक अक्षर ओळखतो ते त्याच्या आकृतीवरून नव्हे, तर क्रमांकावरून. पूर्वीच्या कित्येक मराठी फॉन्टांत प्रत्येक बनविणाऱ्याने आपल्या सोयीने क्रमांक वाटून घेतले होते. तो फॉन्ट ज्या संगणकात नाही, तेथे तेच पत्र निरर्थक अक्षरांचे अगर चौकटींचे बनते. आमच्या दिवाणजींनी अर्ध्याचे चिन्ह अशाच एका जुन्या फॉन्टातून उचलले होते. या गोंधळावर उपाय म्हणून युनिकोड नावाची जागतिक पद्धत निघाली. तिची पहिली आवृत्ती १९९१ साली प्रसिद्ध झाली. तीत प्रत्येक चिन्हास एकच क्रमांक असतो व तो सर्वत्र तोच राहतो. आपल्या भाषेत बोलावयाचे तर जुना फॉन्ट म्हणजे पोत्यावरचा खासगी मार्का, जो मार्का घालणाऱ्यासच कळतो. आणि युनिकोड म्हणजे सरकारी शिक्का मारलेले वजन, जे कोणत्याही बाजारात तितकेच भरते. म्हणून पहिला नियम असा की, पत्र युनिकोड फॉन्टातच लिहावे व चिन्हही त्याचेच घ्यावे. मग ते घेण्याच्या रीती पुष्कळ आहेत. वर्ड या सर्वत्र चालणाऱ्या लेखन-प्रणालीस धरून त्या सांगतो.

पहिली रीत यादीतून निवडण्याची. 'इन्सर्ट' या सदरात 'सिम्बॉल' म्हणून जागा आहे. तेथे 'मोअर सिम्बॉल्स' उघडले की चिन्हांचा मोठा तक्ता दिसतो. हवे त्यावर टिचकी द्यावी. पुष्कळजण येथेच थांबतात व दर वेळी तक्ता धुंडाळीत बसतात. ही रीत वर्षातून एकदा लागणाऱ्या चिन्हासाठी ठीक. रोजच्या चिन्हासाठी ती म्हणजे एका पोत्यासाठी सगळे गोदाम उपसण्यासारखे आहे. मात्र त्याच तक्त्याखाली 'शॉर्टकट की' असे बटण आहे. चिन्ह निवडून ते दाबले की त्या चिन्हास आपल्या पसंतीची कळ नेमून देता येते. आम्ही ½ साठी कंट्रोल व ऑल्ट यांसोबत 'एच' ही कळ नेमली आहे. ती कळ अगोदर दुसऱ्या कामास दिलेली नाही ना, हे त्याच चौकटीत दिसते. ते पाहूनच नेमणूक करावी.

दुसरी रीत संक्षेपाची. 'फाइल', 'ऑप्शन्स', 'प्रूफिंग' व 'ऑटोकरेक्ट ऑप्शन्स' या वाटेने गेले असता दोन रकाने दिसतात. 'रिप्लेस' या रकान्यात आपला संक्षेप व 'विथ' या रकान्यात चिन्ह लिहावे. आम्ही 'रुरु' लिहून जागा सोडली की ₹ उमटते. पेढीचे पूर्ण नाव व पत्ताही असाच दोन अक्षरांत बांधून ठेवता येतो. येथे दोन गोष्टी सांभाळाव्यात. संक्षेप असा निवडावा की जो खरा शब्द म्हणून कधीच येणार नाही; आणि संक्षेपाच्या मागे-पुढे जागा असावी, कारण आकड्यास चिकटून लिहिलेला संक्षेप बदलत नाही. म्हणूनच अर्ध्यासाठी संक्षेप न ठेवता आम्ही कळ नेमली.

तिसरी रीत क्रमांकाची. कळफलकाच्या उजव्या बाजूस आकड्यांचा जो वेगळा गट असतो, तो 'नम लॉक' लावून चालू करावा, भाषा इंग्रजी ठेवावी, ऑल्टची कळ दाबून धरावी, त्या गटावर क्रमांक लिहावा आणि मग ऑल्ट सोडावी. क्रमांक असे : पाव म्हणजे ¼ साठी ०१८८, ½ साठी ०१८९, पाऊण म्हणजे ¾ साठी ०१९०, अंशाच्या ° साठी ०१७६, गुणिले × साठी ०२१५. आरंभीचे शून्य सोडू नये. सोडल्यास भलतेच चिन्ह येते. रुपयाच्या चिन्हाचा क्रमांक वर्डमध्ये ८३७७ आहे. हे चिन्ह केंद्र सरकारने १५ जुलै २०१० रोजी स्वीकारले व त्याच वर्षी त्यास युनिकोडमध्ये स्थान मिळाले. संगणकाचा कळफलक 'इंग्लिश इंडिया' असा निवडलेला असेल, तर कंट्रोल, ऑल्ट व ४ या तीन कळा एकत्र दाबूनही ₹ येते.

मांडीवरच्या लहान संगणकास आकड्यांचा वेगळा गट बहुधा नसतो. त्यासाठी चौथी रीत आहे. चिन्हाचा युनिकोड संकेतांक इंग्रजी अंकांत पानावरच लिहावा व लगेच ऑल्ट आणि एक्स या कळा दाबाव्यात. संकेतांक जाऊन त्या जागी चिन्ह येते. ०९५० चा ॐ होतो, ०९६४ चा एकेरी दंड व ०९६५ चा दुहेरी दंड. लिबर ऑफिस या मोफत मिळणाऱ्या प्रणालीतही ही रीत चालते. परंतु संकेतांकाच्या अगदी मागे दुसरा आकडा असेल, तर संगणक दोन्ही मिळून एकच संकेतांक समजतो व भलतीच लिपी उमटवितो. अशा वेळी केवळ संकेतांक निवडून मग त्या कळा दाबाव्यात.

याच ठिकाणी आपल्या नित्याच्या एका अक्षराचा उल्लेख करतो. 'व्यापाऱ्यांचा' हा शब्द कितीतरी पत्रांत 'व्यापार्यांचा' असा चुकून छापला जातो. यातील 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर आहे. इन्स्क्रिप्ट कळफलकावर शिफ्टसह जे दाबले की 'ऱ', मग डी ही हलन्ताची कळ, आणि मग तिरप्या रेघेची कळ म्हणजे 'य', या क्रमाने 'ऱ्य' शुद्ध उमटतो. आपल्या व्यवसायाचे नाव तरी आपण शुद्ध लिहावे.

आता एका सोयीतील धोका सांगतो. वर्डमध्ये इंग्रजी आकड्यांत १/२ लिहून जागा सोडली की त्याचा आपोआप ½ होतो. १/४ व ३/४ यांचेही तसेच. सोय उत्तम, परंतु बिल क्रमांक १/२ लिहिला तरी त्याचा अर्धा होतो, आणि १/४ म्हणजे एक एप्रिल लिहू पाहणाऱ्याच्या पदरी पाव पडतो. बदल झाल्याबरोबर कंट्रोल व झेड दाबल्यास तेवढा बदल मागे जातो. उलट १/३ किंवा १/८ चे आपोआप काहीच होत नाही. तेथे तक्ताच पाहावा लागतो. तात्पर्य, संगणकाने मदत केली तरी लिहिलेले एकदा वाचून पाहण्याचे काम आपलेच.

जुन्या वह्या जपणाऱ्या कुटुंबांसाठी आणखी एक गोष्ट. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी येईपर्यंत आपले वडीलधारे रुपये व आणे लिहीत. सव्वा रुपया '१।', दीड '१॥' आणि पावणेदोन '१॥।' असा लिहिण्याचा प्रघात होता. आमच्या आजोबांच्या खतावणीची नक्कल घरातील एका मुलाने संगणकावर केली, तेव्हा त्याने प्रत्येक दंडास इंग्रजी एकाचा आकडा समजून दीडाचे एकशेअकरा केले! त्याचा काय दोष? त्यास कोणी सांगितले नव्हते. अशा नकलेत दंडाचेच चिन्ह घालावे; वर दिलेल्या तिसऱ्या रीतीने त्याचा क्रमांक २४०४ व दुहेरीचा २४०५ आहे. इतकेच नव्हे, तर जुन्या वह्यांतील पाव, अर्धा, पाऊण, एक आणा, दोन आणे व तीन आणे यांच्या खास खुणांना २००९ साली युनिकोडमध्ये जागा मिळाली असून त्यांचे क्रमांक अनुक्रमे ४३०५६ पासून ४३०६१ पर्यंत आहेत. मोडी लिपीचा समावेश २०१४ साली झाला, आणि आपल्या पत्रांच्या मस्तकी शोभणाऱ्या जैन ॐकाराचा २०१५ साली. त्याचा क्रमांक ४३२६१. ही चिन्हे सर्वच फॉन्टांत नसतात. चौकट दिसल्यास फॉन्ट बदलून पाहावा, आणि दुसऱ्यास पाठविताना मूळ लेखाऐवजी पीडीएफ पाठवावी. तीत फॉन्ट सामान्यतः सोबतच जातो.

या सर्व रीती एकदम शिकण्याची गरज नाही. आपल्या दुकानात रोज लागणारी चार-पाच चिन्हे कोणती, ते ठरवावे. प्रत्येकासाठी एकच रीत नेमावी. ती एका चिठ्ठीवर लिहून संगणकाशेजारी चिकटवावी, म्हणजे दिवाणजी बदलले तरी रीत बदलत नाही. आमच्याकडे अशी चिठ्ठी तेव्हापासून लावलेली आहे.

आणि त्या चिठ्ठीच्या शेवटी आम्ही एक ओळ स्वतःच्या हाताने लिहिली आहे : 'आकड्यापुढे अक्षरी लिहिणे.' हुंडीवर वडील मंडळी रक्कम अक्षरी लिहीत, धनादेशावर आपण आजही लिहितो. सव्वा, दीड, अडीच, साडेतेरा असे नेमके शब्द आपल्या भाषेने आपणांस तयार दिले आहेत. त्या दिवशी १३½ च्या पुढे कंसात 'साडेतेरा' एवढे लिहिले असते, तर चौकट येवो की न येवो, गाडी उभी राहिली नसती. चिन्हाने पत्रास शोभा व सुटसुटीतपणा येतो, तो अवश्य आणावा; परंतु दिलेला शब्द समोरच्याच्या हाती जसाच्या तसा पोचला पाहिजे, ही व्यापाऱ्याची जबाबदारी संगणकावर टाकता येत नाही. बांधवांपैकी एखाद्याचा जरी एक तंटा या लेखाने टळला, तरी आमचे श्रम सार्थकी लागले असे आम्ही समजू.