खोका गेला, संगणक राहिला

समजा, कवठे महांकाळमधल्या एखाद्या पतसंस्थेच्या कोपऱ्यात 2004 साली घेतलेला सीपीयू अजून घरघरतो आहे. त्यात विंडोज एक्सपी, तिच्यावर फॉक्सप्रोमध्ये लिहिलेला हिशेबाचा प्रोग्रॅम आणि त्या प्रोग्रॅममध्ये द्राक्षबागायतदारांची, बेदाणा व्यापाऱ्यांची, शिक्षकांची खाती. प्रोग्रॅम लिहून देणारा केव्हाच दुसऱ्या उद्योगाला लागला. इन्स्टॉल करायची सीडी सापडत नाही. मदरबोर्डवरचे कपॅसिटर फुगले आहेत, तसा मदरबोर्ड बाजारात मिळत नाही आणि नव्या विंडोजवर तो प्रोग्रॅम उघडतच नाही.

अशा वेळी एक गोष्ट करता येते. तो संगणक उचलून दुसऱ्या संगणकाच्या आत ठेवता येतो. खोका बाहेरच राहतो, आत जातो तो संगणक. त्याची हार्ड डिस्क पहिल्या बिटापासून शेवटच्या बिटापर्यंत एका फाइलमध्ये उतरवून घ्यायची, नव्या यंत्रावर त्या फाइलला एक काल्पनिक मदरबोर्ड, काल्पनिक डिस्क कंट्रोलर, काल्पनिक नेटवर्क कार्ड द्यायचे आणि चालू करायचे. एका खिडकीत एक्सपीची ती हिरवी टेकडी उगवते. डेस्कटॉपवरची आयकॉन जिथल्या तिथे असतात, रिसायकल बिनमध्ये टाकलेली पत्रेसुद्धा तशीच पडून असतात. याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात, आणि खऱ्या यंत्राचे असे मशीन करण्याला या धंद्यातली माणसे ‘पी टू व्ही’ म्हणतात.

आत चाललेल्या एक्सपीला आपण कुठे आहोत असे वाटत असेल? व्हीएमवेअरमध्ये ती मदरबोर्डची चौकशी करते तेव्हा उत्तर येते, इंटेल 440 बीएक्स. हा चिपसेट 1998 चा. क्यूईएमयू या मोफत प्रणालीचा नेहमीचा काल्पनिक पीसी त्याहून जुना, 1996 च्या इंटेल 440 एफएक्सची नक्कल करणारा. आजच्या बलाढ्य सर्व्हरच्या आत लाखो प्रोग्रॅम अजूनही पेंटियमच्या जमान्यातल्या मदरबोर्डवर बसल्याच्या समजुतीत काम करत असतात! कारण साधे आहे. ते जुने चिपसेट जवळजवळ प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टिमला ओळखीचे आहेत.

कल्पना मात्र पेंटियमपेक्षाही जुनी. अमेरिकेतल्या केंब्रिज इथे आयबीएमच्या संशोधकांनी 1967 साली सीपी-40 ही प्रणाली चालू केली. तिच्यात एकाच मोठ्या संगणकावर बसलेल्या प्रत्येकाला आपल्याकडे एक स्वतंत्र, अख्खा संगणक आहे असे दिसे. 1974 मध्ये जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी त्यामागचा नियम गणिती भाषेत मांडला: यंत्राच्या खऱ्या स्थितीला हात घालणारी प्रत्येक आज्ञा मधल्या मधे अडवता आली पाहिजे. पीसीच्या प्रोसेसरमध्ये नेमके हेच जमत नव्हते. पेंटियममध्ये अशा 17 आज्ञा होत्या, ज्या अडत नाहीत, गुपचूप निसटतात. म्हणून पीसीवर हे नीट होणार नाही असा समज होता. स्टॅनफर्डच्या मेंडेल रोझेनब्लम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1998 मध्ये व्हीएमवेअर कंपनी काढली आणि पुढच्याच वर्षी त्यातून वाट काढलेले उत्पादन बाजारात आणले. निसटणाऱ्या आज्ञा चालायच्या आधीच ओळखायच्या आणि त्यांच्या जागी निरुपद्रवी आज्ञा लिहायच्या, तेही प्रोग्रॅम चालू असताना, वापरणाऱ्याला कळू न देता. पुढे 2005 मध्ये इंटेलने आणि 2006 मध्ये एएमडीने प्रोसेसरमध्येच सोय केली. आता साध्या लॅपटॉपवरही हे चालते.

मग अडते कुठे? कवठे महांकाळच्या माणसाला हे रेल्वे स्टेशनावर उभे राहून समजावता येईल. मिरज-पंढरपूरचा हा मार्ग बार्शी लाइट रेल्वेचा. तिची लाइन 1927 मध्ये मिरजेला पोचली. रुळांतले अंतर 762 मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट. पुढे सगळा मार्ग ब्रॉडगेज झाला, 1676 मिलिमीटरचा. गाव तेच, नाव तेच, उतारूही तेच. पण नॅरोगेजचा डबा त्या रुळांवर एक इंचही सरकू शकत नाही. डब्याच्या आतली बाके, खिडक्या, सामान यांत काही खोट नसते. अडचण फक्त चाकांपाशी, जिथे डबा रुळाला भिडतो तिथे असते. संगणकाच्या स्थलांतरातला प्रत्येक बिघाड असाच चाकांपाशी होतो. खाती, फाइली, फॉन्ट, प्रोग्रॅम सगळे सुखरूप असते. जुनी विंडोज आपल्या खोक्याला नेमकी कुठे कुठे बांधलेली होती, तेवढे प्रत्येक बिघाड दाखवत जातो. म्हणून मला ही दुरुस्ती आवडते. एरवी कधीही न दिसणारे धागे इथे एकेक करून समोर येतात.

पहिले काम डिस्क वाचण्याचे, आणि घाई सर्वात महाग पडते ती इथेच. डिस्क कटकट आवाज करत असेल तर तो सीपीयू पुन्हा पुन्हा चालू करून पाहू नये. प्रत्येक वेळी ती थोडी आणखी मरते. डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला जोडावी आणि जीएनयू डीडीरेस्क्यूसारख्या प्रोग्रॅमने वाचावी. त्याची रीत शहाणपणाची आहे. आधी निरोगी भाग झरझर वाचून घ्यायचा, वाचता न आलेल्या जागांची एका फाइलमध्ये नोंद ठेवायची आणि मग त्या जागांकडे परत परत जायचे. वीज गेली तरी नोंद असते, काम तिथूनच पुढे सुरू होते. आपल्याकडे ही सोय किती मोलाची आहे हे सांगायला नको.

डिस्क धडधाकट असेल तर विंडोज चालू असतानाही प्रत घेता येते. मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्सचे डिस्क2व्हीएचडी हे छोटे साधन 2009 पासून फुकट मिळते. ते एका क्षणी डिस्कचे चित्र गोठवते आणि त्या गोठलेल्या चित्राची प्रत करते. तरी त्या वेळी फॉक्सप्रोचा प्रोग्रॅम बंद असलेला बरा. खतावणीची नोंद झाली आणि तिची अनुक्रमणिका लिहायची राहिली, अशा अर्ध्या क्षणाचे चित्र कुणालाच नको असते.

आता फाइल तयार आहे, मशीन चालू केले, आणि काळ्या पडद्यावर एकच ओळ: ‘एरर लोडिंग ऑपरेटिंग सिस्टिम’. डिस्कचा सर्वात पहिला तुकडा 512 बाइटचा. त्यात 446 बाइट सुरुवातीच्या प्रोग्रॅमला, 64 बाइट डिस्कच्या वाटणीच्या तक्त्याला आणि शेवटचे 2 बाइट खुणेचे. हा प्रोग्रॅम पुढच्या तुकड्याला हाक मारतो, आणि त्या पुढच्या तुकड्यात जुन्या डिस्कचे मोजमाप लिहिलेले असते: वाचणारी डोकी किती, एका वर्तुळात तुकडे किती. नव्या काल्पनिक बायोसने, म्हणजे संगणक चालू होताच धावणाऱ्या मदरबोर्डवरच्या प्रोग्रॅमने, वेगळे आकडे सांगितले की वाचन भलत्याच जागी जाते. एक आकडा बदलला की गाडी सुटते. आजकालच्या यंत्रांतले दुखणे निराळे असते. ज्या विंडोजला यूईएफआय या बायोसच्या वारसाने उठायची सवय आहे तिला जुन्या बायोसचे मशीन दिले तर ती उठतच नाही. मशीन बनवताना योग्य पर्याय निवडला की काम झाले.

सर्वात प्रसिद्ध बिघाड मात्र याच्या पुढचा. एक्सपीची खूण झळकते, पट्टी सरकू लागते आणि धाडकन निळा पडदा येतो. शेवटी 7बी असलेला कोड, अर्थ ‘बूट डिस्कपर्यंत पोचता येत नाही’. हे वाचून माणूस चक्रावतो. डिस्क नाही, तर मग इतका वेळ विंडोज वाचली जात होती ती कुठून?

सुरुवातीला विंडोज स्वतः डिस्क वाचतच नाही. बायोस तिच्या वतीने वाचून देतो. कर्नल, म्हणजे विंडोजचा गाभा, आणि सुरुवातीचे ड्रायव्हर मेमरीत आणून ठेवतो. मग एका क्षणी कर्नल जागे होते, बायोसला बाजूला करते आणि डिस्कचा ताबा स्वतःच्या ड्रायव्हरकडे घेते. जुन्या खोक्यात जो कंट्रोलर होता त्याचाच ड्रायव्हर तिने सुरुवातीच्या यादीत ठेवलेला असतो. समोर आता वेगळाच कंट्रोलर आहे. ज्या डिस्कवरून ती आत्ता उचलली गेली, तीच डिस्क तिला दिसेनाशी होते, आणि पुढचे पाऊल टाकायला जागाच उरत नाही.

यावरचा साधा उपाय आधी करून बघावा: काल्पनिक डिस्क स्कझी या जोडणीऐवजी आयडीई या जोडणीने लावायची. तेवढ्याने भागले नाही तर ती फाइल दुसऱ्या चालू विंडोजला जादा डिस्क म्हणून लावायची, निजलेल्या एक्सपीची रजिस्ट्री, म्हणजे तिच्या सेटिंगची नोंदवही, बाहेरून उघडायची आणि आयडीईच्या ड्रायव्हरांसमोरचा ‘स्टार्ट’ हा आकडा शून्य करायचा. शून्य म्हणजे ‘अगदी सुरुवातीलाच उचल’. कंट्रोलरची ओळख एका खास यादीत नोंदवावी लागते तीही तिथेच. एखादी ऑपरेटिंग सिस्टिम झोपेत असताना तिच्या आठवणींत एक ओळ बदलायची आणि उठल्यावर तिने नव्या खोक्याला आपले मानायचे! हा क्षण कितीही वेळा पाहिला तरी शिळा होत नाही.

लिनक्सचेही दुखणे हेच. सुरुवातीला मेमरीत चढणाऱ्या छोट्या गाठोड्यात नव्या डिस्कचा ड्रायव्हर नसतो. गाठोडे पुन्हा बांधले की मशीन उठते.

निळ्या पडद्याची इतर कारणेही अशाच धाग्यांची. इंटेलच्या प्रोसेसरची वीज सांभाळणारा एक ड्रायव्हर जुन्या विंडोजमध्ये असतो. नवे यंत्र एएमडीचे निघाले तर तोच तिला पाडतो, म्हणून तो बंद ठेवावा लागतो. एक्सपीने इन्स्टॉल होतानाच प्रोसेसर एक की अनेक याचा निर्णय करून टाकलेला असतो. जुन्या खोक्यात एकच होता, तर मशीनलाही एकच द्यावा. आठ दिले म्हणून ती धावणार नाही. मोठ्या कंपनीच्या संगणकाबरोबर आलेली एक्सपी तर बायोसमध्ये त्या कंपनीचे नाव शोधते आणि ते न सापडल्यावर पुन्हा अ‍ॅक्टिव्हेशन मागते. असा परवाना बहुधा त्या खोक्यापुरताच असतो, तेव्हा तो प्रश्न आधी सोडवलेला बरा.

मशीन उठले, पण नेटवर्क नाही. जुना आयपी पत्ता भरायला जावे तर विंडोज म्हणते, हा पत्ता दुसऱ्या कार्डाला दिलेला आहे. दुसरे कार्ड तर कुठेच दिसत नाही! ते असते जुन्या खोक्यातले. लोखंड गेले, नोंद राहिली, आणि ती अजून आपला पत्ता धरून बसली आहे. डिव्हाइस मॅनेजरला न जोडलेली साधनेही दाखवायला लावले की ते फिक्कट होऊन दिसते. तिथून काढून टाकायचे. जुना सीपीयू आणि नवे मशीन एकाच वेळी एकाच नेटवर्कवर मात्र कधीही चालू ठेवू नयेत. नाव एक, पत्ता एक, आणि दुपारपर्यंत काही पावत्या एकात, काही दुसऱ्यात. एक्सपीचा आधार 8 एप्रिल 2014 रोजीच संपला आहे, त्यामुळे या मशीनला इंटरनेट देऊ नये हेच उत्तम.

काही धागे मात्र लोखंडाचेच असतात. प्रोग्रॅम परवान्याशिवाय चालू नये म्हणून संगणकाच्या पोर्टला लावलेले लॉक फाइलमध्ये उतरत नाही. यूएसबीचे असेल तर ते नव्या यंत्राला लावून आतल्या मशीनकडे सोपवता येते. प्रिंटरच्या जुन्या पॅरलल पोर्टचे असेल तर तसा पोर्ट असलेले यंत्र शोधावे लागते.

याहून जुना आणि आपल्या जिव्हाळ्याचा धागा म्हणजे जिस्ट कार्ड. आयआयटी कानपूरमध्ये मोहन तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केलेले हे तंत्र 1988 मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढले. संगणकाच्या स्लॉटमध्ये हे कार्ड बसवले की डॉसच्या पडद्यावर देवनागरी उमटे. इंग्रजीसाठी लिहिलेल्या प्रोग्रॅममध्येही मराठी नावे भरता येत. त्या काळातली एखादी डिस्क आज व्हर्च्युअल मशीनमध्ये उठवली तर प्रोग्रॅम चालतो, रकमा बरोबर दिसतात, आणि नावांच्या जागी अनोळखी युरोपीय अक्षरांचा खच दिसतो. अक्षरे काढणारे कार्ड नाही, आणि कोणताही काल्पनिक मदरबोर्ड त्या कार्डाची नक्कल करत नाही.

तरी नावे गेलेली नसतात. ती इस्की या भारतीय संकेतात, उच्चाराच्या क्रमाने, बाइट न बाइट शाबूत असतात. युनिकोडमधला देवनागरीचा विभाग 1988 च्या इस्कीवरूनच मांडलेला आहे, त्यामुळे एकातून दुसऱ्यात जायची वाट बरीचशी सरळ आहे. उलट नंतरच्या विंडोज फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर मशीनमध्ये सुंदर दिसतो, पण बाहेर काढताना जड जातो. तिथे अक्षरांचे तुकडे साठवलेले असतात, ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी, आणि प्रत्येक फॉन्टचा तक्ता निराळा. मशीन चालू झाल्यावर सगळे विसरून जाण्यापेक्षा हा मजकूर युनिकोडमध्ये काढून ठेवायला तेव्हाच हात घालावा असे मला कळकळीने वाटते. कारण आत्ता तो उघडतो आहे.

स्थलांतर जमले की नाही हे हिरव्या टेकडीवरून ठरत नाही. एकाच तारखेची तेरीज दोन्हीकडून काढावी, जुन्या खोक्याची नेटवर्क केबल उपसून. प्रत्येक खात्याची बाकी पैशापर्यंत जुळवावी. व्याजाची आकारणी करून बघावी, पासबुक छापून बघावे, मशीनचे घड्याळ बरोबर तारीख दाखवते का ते पाहावे. फाइलची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर, इमारतीबाहेर ठेवावी. मग एक पूर्ण महिनाअखेर नव्या मशीनवर निघू द्यावी आणि त्यानंतरच जुना सीपीयू भंगारवाल्याला द्यावा, हार्ड डिस्क काढून घेऊन, कारण सभासदांची खाती तिच्यात अजून आहेतच.