विश्लेषण : आचारसंहिता लागली की शेतकऱ्याची बंदूक पोलीस ठाण्यात का जाते?

काजू-आंब्याचा हंगाम आणि लोकसभा निवडणूक एकाच वेळी आली, की कोकणात एक वाद हमखास उभा राहतो. वानर आणि रानडुकरांपासून बाग राखण्यासाठी घेतलेल्या परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात. २०२४ मध्ये १६ मार्चला आचारसंहिता लागली आणि ४ जूनला निकाल आला. म्हणजे हंगामाचा मोठा भाग त्यातच गेला. गुन्हा केला नसताना बंदूक का द्यायची, हा शेतकऱ्यांचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर शस्त्र परवान्याच्या कायद्यात आहे.

शस्त्र बाळगणे हा हक्क आहे का?

अमेरिकेत शस्त्र बाळगण्याचा हक्क राज्यघटनेने दिला आहे. भारतात तसा मूलभूत हक्क नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये विनापरवाना शस्त्रांच्या प्रकरणात हा फरक स्पष्टपणे मांडला. आपल्याकडे शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार सरकार अटींवर परवानगी देते आणि अटी मोडल्यास ती काढूनही घेऊ शकते. ब्रिटिशांच्या १८७८ च्या कायद्यात भारतीयांना परवान्याची सक्ती होती, तर युरोपीयांना सूट होती. स्वतंत्र भारताने हा भेद काढला, परवाना मात्र ठेवला.

परवाना कसा मिळतो?

अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे, तर आयुक्तालय असलेल्या शहरांत पोलीस आयुक्तांकडे करायचा असतो. अर्जदाराचे वय किमान २१ वर्षे हवे. पोलीस अर्जदाराच्या पार्श्वभूमीची चौकशी करून अहवाल देतात. २०१६ च्या नियमांनुसार शारीरिक-मानसिक आरोग्याचा वैद्यकीय दाखलाही लागतो. अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही. पीक राखण्यासाठी ठासणीच्या बंदुकीची तरतूद कायद्यातच आहे. मात्र हा शिकारीचा परवाना नव्हे. रानडुक्कर मारायचे तर वन्यजीव कायद्यानुसार वन विभागाची वेगळी परवानगी लागते.

२०१९ च्या दुरुस्तीने काय बदलले?

सर्वसाधारण परवानाधारकाला पूर्वी तीन शस्त्रे ठेवता येत होती, आता दोनच ठेवता येतात. परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षे झाली. लग्न-वरातीत हवेत गोळीबार करून इतरांचा जीव धोक्यात घातल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. शस्त्र परवान्याचे असले तरी या शिक्षेतून सुटका नाही.

मग निवडणुकीत सगळ्यांच्याच बंदुका का?

निवडणूक आयोगाच्या सूचनांत ‘सगळ्यांच्याच’ असे नाही. प्रत्येक जिल्ह्यात छाननी समितीने परवानाधारकांची माहिती तपासावी, असे त्यात म्हटले आहे. जामिनावर सुटलेले, गुन्ह्यांची पार्श्वभूमी असलेले किंवा पूर्वी दंगलीत, विशेषतः निवडणूक काळातील दंगलीत, सहभागी असलेले परवानाधारक यांच्यावर प्रामुख्याने लक्ष असते. शस्त्र जमा केल्यावर पावती मिळते आणि निकालानंतर ते परत केले जाते. अलाहाबाद उच्च न्यायालयानेही २०२४ मध्ये सरसकट आदेशांवर आक्षेप घेतला. तरीही सरसकट बंदुका मागवल्या जातात, अशी तक्रार होत राहते. माणसागणिक तपासणी करायला वेळ आणि मनुष्यबळ लागते. सर्वांना एकच नोटीस काढणे त्यापेक्षा सोपे असते.

बेकायदा शस्त्रांचे काय?

जमा होते ते नोंद असलेले शस्त्र. गावठी कट्ट्याची नोंदच नसते. मध्य प्रदेशातील बडवानी जिल्ह्यातील उमर्टी हे जळगावच्या चोपडा तालुक्याला लागून असलेले गाव अशा कट्ट्यांसाठी पोलिसांच्या कारवायांत वारंवार चर्चेत येते. विनापरवाना बंदूक बाळगल्यास आता सर्वसाधारणपणे दोन ते पाच वर्षे कैदेची तरतूद आहे. पण शिक्षा वाढवून भागत नाही, कट्टा बनतो आणि विकला जातो ती साखळी तोडावी लागते.

परवानाधारकाची जबाबदारी कोणती?

शस्त्र कुलपात, मुलांच्या हाती लागणार नाही असे ठेवणे, काडतुसांचा हिशेब राखणे, परवान्याचे वेळेत नूतनीकरण करणे आणि शस्त्र हरवल्यास लगेच पोलिसांना कळवणे. धाक दाखवण्यासाठी बंदूक बाहेर काढणाऱ्याचा परवाना निलंबित किंवा रद्द होऊ शकतो. त्याविरुद्ध अपिलाची सोय आहे.

पण जबाबदारी एकतर्फी नसते. परवाना देताना होणारी चौकशी पुढच्या पाच वर्षांतही सुरू राहिली, तर कोणाची बंदूक धोक्याची आणि कोणाची बागेच्या राखणीची, हे प्रशासनाला आचारसंहिता लागण्याआधीच ठाऊक असेल. मग धोका असेल त्याच्याकडून बंदूक वेळीच काढून घेता येईल आणि बागायतदाराला ऐन हंगामात पोलीस ठाण्याची पायरी चढावी लागणार नाही.