पांडेसऱ्यातून गावाकडे: शेवटच्या आजारपणाची वाट

सुरतेच्या पांडेसरा जी.आय.डी.सी.त कापड रंगवण्या-छापण्याच्या मिल आहेत आणि त्यांच्याभोवती भाड्याच्या खोल्यांच्या रांगा. ओडिशाच्या गंजामचा आणि उत्तर प्रदेश-बिहारचा कामगार इथे आहे, तसाच जळगाव, धुळे, नंदुरबारकडचा खानदेशीही आहे. त्याच्या घरात अहिराणी बोलली जाते, श्रावणात कानबाई बसते आणि पोरे महापालिकेच्या मराठी शाळेत जातात. पाळी बहुधा बारा तासांची. आजारी पडले की खाडा, आणि खाडे वाढले की जागेवर दुसरा माणूस. अशा कामगाराला बरा न होणारा आजार झाला, की एकच सल्ला चहूकडून येतो: गावाला घेऊन जा. डॉक्टर तो देतो, कारण उपचार संपलेले असतात. ठेकेदाराला काम अडलेले दिसते, खोलीमालकाला आपल्या खोलीत मयत नको असते, आणि घरच्यांना माणूस स्वतःच्या ओट्यावर जावा असे मनापासून वाटते. या चौघांच्या सल्ल्याला आपण एकत्रितपणे संस्कृती म्हणतो आणि मोकळे होतो. माझे म्हणणे असे की या परतीत माया आहे तितकाच नाइलाज आहे. म्हणून शेवटच्या आजारपणाची सोय एखाद्या इमारतीत करून भागणार नाही. ती या वाटेच्या दोन्ही टोकांना हवी.

गावाची ओढ खोटी नाही. मार्च 2020 च्या अखेरीस टाळेबंदीत पांडेसऱ्यातले कामगार घरी जाऊ द्या म्हणत रस्त्यावर उतरले आणि पोलिसांना अश्रुधूर सोडावा लागला. धडधाकट माणसाला संकटात गावच आठवते, मग मरणाऱ्याला का आठवू नये? पण ओढ असणे वेगळे आणि दुसरा पर्यायच नसणे वेगळे. दहा बाय दहाच्या खोलीत चार-पाच माणसे असतात, संडास सामायिक असतो, जिना उभा असतो, आणि रात्रपाळी करून आलेल्याला दिवसा झोपायचे असते. अशा जागी अंथरुणाला खिळलेला माणूस ठेवायचा कुठे? त्याची सेवा करणारी बायकोही मोकळी नसते. साड्यांचे धागे कापणे, खडे चिकटवणे असे नगावर पैसे देणारे काम ती घरात बसून करत असते. तिचा हात थांबला की भाडे थांबते.

तोंडाच्या कर्करोगाचेच बघा. गुजरात आणि महाराष्ट्र या दोन्ही राज्यांनी 2012 मध्ये गुटख्यावर बंदी घातली, तरी मावा आणि तंबाखू-चुना चालूच आहेत. रात्रपाळीत झोप हटवायला याच्याइतके स्वस्त दुसरे काय मिळते? रोग उशिरा कळतो. मग मुंबईला टाटा हॉस्पिटलच्या फेऱ्या आणि दादरला गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत मुक्काम. तिथेही हात टेकले की परत पांडेसरा. जबडा उघडत नाही, अन्न नाकातल्या नळीने जाते, गालावर जखम फुटते आणि तिला वास सुटतो. वेदनेच्याही आधी तो वास माणसाला एकटे पाडतो: खोलीतले इतर जण दुसरी खोली शोधतात, लेकरे जवळ यायला कचरतात. यावर खरे तर साधा उपाय आहे. मेट्रोनिडॅझोलची गोळी कुटून तिची पूड जखमेवर भुरभुरली की वास पुष्कळ कमी होतो. वेदनेसाठी मॉर्फिनची दहा मिलिग्रॅमची साधी गोळी दर चार तासांनी द्यायची, रात्री झोपताना दुप्पट, म्हणजे मध्ये उठावे लागत नाही. गिळता येत नसेल तर ती पाण्यात विरघळवून नळीतून जाते. पहिल्या दिवसापासून सोबत पोट साफ ठेवणारे औषध, कारण मॉर्फिनने पोट हमखास बांधते. एवढी माहिती असलेली एक परिचारिका आठवड्यातून एकदा दारात आली, तर या खोलीचे रूप पालटते.

ती येत नाही, कारण गोळीच मिळत नाही. नीमच आणि गाझीपूरला अफूपासून औषधी द्रव्ये काढणारे सरकारी कारखाने आहेत. मंदसौर-चित्तोडगडच्या शेतांत परवान्याने अफू पिकते. तरीही 2017 च्या लॅन्सेट आयोगाच्या हिशेबानुसार भारतात अशा औषधांची गरज जेमतेम 4 टक्के भागते. 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने परवान्यांचे असे जाळे विणले, की दवाखान्यांनी मॉर्फिन ठेवणेच सोडून दिले. डॉक्टरांची एक अख्खी पिढी ते हाताळल्याविना तयार झाली. 2014 मध्ये कायदा सुधारला, 2015 च्या नियमांनी मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थेला एकाच परवानगीवर ते ठेवता येऊ लागले, पण सवय गेली नाही. व्यसनाची भीती पुढे केली जाते. कर्करोगाच्या वेदनेवर मोजून, वेळेवर, तोंडाने दिलेल्या मॉर्फिनचे व्यसन क्वचितच लागते. चोरवाटेने औषध बाहेर जाण्याचा धोका मात्र खरा आहे, आणि नोंदवही, मोजणी, उरलेल्या गोळ्या परत घेणे हे त्यावरचे उपाय केरळने वापरून दाखवले आहेत.

कोझिकोडला 1993 मध्ये डॉ. एम. आर. राजगोपाल आणि डॉ. सुरेश कुमार यांनी पेन अँड पॅलिएटिव्ह केअर सोसायटी सुरू केली. तिच्यातून शेजाऱ्यापाजाऱ्यांनी चालवलेली घरपोच सेवा उभी राहिली आणि 2008 मध्ये केरळ सरकारने तिला धोरणाचे रूप दिले. मुंबईत वांद्र्याला 1986 पासून शांती अवेदना सदन आहे, पुण्यात वारज्याला 1997 पासून सिप्लाचे केंद्र. मुंबई-पुण्याचे हे मोठे काम आहे, पण ते मुख्यतः खाटांचे काम आहे. आणि केरळचे उदाहरण दिले, की ठरलेला आक्षेप येतो: तिथली माणसे स्वतःच्या घरात राहतात, शेजारी पिढ्यान्‌पिढ्यांचे असतात, पांडेसऱ्यात शेजार दर सहा महिन्यांनी बदलतो. आक्षेपात तथ्य आहे. पण पांडेसऱ्याचा शेजार घराला चिकटलेला नसून गावाला चिकटलेला आहे, हे त्यात विसरले जाते. एका तालुक्याची माणसे आसपास खोल्या घेतात. गणपती मंडळे आहेत, भजनी मंडळे आहेत. कोणी गेले, की शववाहिकेसाठी वर्गणी काढायला ही माणसे एका सांजेत जमतात. मेल्यावर जमणारी माणसे महिनाभर आधी जमवणे हे संघटनेचे काम आहे, अशक्य कोटीतले नव्हे.

मराठी वृत्तपत्रांत आणि दिवाळी अंकांत मरणाधिकारावर पुष्कळ लिहिले गेले. मुंबईच्या केईएम रुग्णालयात 1973 ते 2015 अशी बेचाळीस वर्षे पडून राहिलेल्या अरुणा शानबाग, त्यांच्या प्रकरणातला सर्वोच्च न्यायालयाचा 2011 चा निकाल, 9 मार्च 2018 चा कॉमन कॉज निवाडा, 2023 मध्ये सोपी झालेली वैद्यकीय इच्छापत्राची पद्धत: हे सगळे आवश्यकच होते. पण ही चर्चा व्हेंटिलेटर काढण्याच्या हक्काची आहे, आणि पांडेसऱ्याचा माणूस बहुधा व्हेंटिलेटरपर्यंत पोचतच नाही. पैसे संपले की घरचे सही करून ‘डामा’, म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध सुट्टी, घेतात आणि घरी नेतात. नको ते उपचार नाकारण्याचा प्रश्न त्याच्यापुढे येत नाही. हवा तो उपचार मागायचा कोणाकडे, हा येतो. आपली चर्चा ज्यांच्याजवळ इस्पितळाचे बिल भरायची ऐपत आहे त्यांच्याभोवती फिरत राहिली, हे मान्य करायला हवे.

सुरतेने या घरपोच सेवेचा खर्च का करावा, माणूस तर निघूनच जाणार, असाही प्रश्न विचारला जातो. उलट बाजूने महाराष्ट्र म्हणू शकतो, की त्याची उमेदीची वर्षे तुम्ही वापरली. हा वाद घालायचीच गरज नाही. आयुष्मान भारतचे कार्ड दोन्ही राज्यांत चालते. पण ते भरती झालेल्या रुग्णासाठी आहे, घरी पडलेल्यासाठी नाही. 2018 पासूनच्या आरोग्यवर्धिनी केंद्रांच्या बारा सेवांच्या यादीत पॅलिएटिव्ह, म्हणजे वेदना हलकी करणाऱ्या शुश्रूषेची, सेवा आहे, महाराष्ट्राने तर 2012 मध्येच या सेवेचे धोरण आखले होते. म्हणजे कागदावर दोन्ही टोके आहेत. नवापूर स्थानकात दोन राज्यांची सीमा चक्क फलाटावरून जाते आणि गाडी तिची दखल न घेता नंदुरबार, अमळनेर, धरणगाव करत जळगावला पोचते. मॉर्फिनचे तसे होत नाही. सुरतेत गोळ्या सुरू झाल्या तरी चोपडा किंवा शिंदखेडा तालुक्यात पुढचा डोस कोण देणार, हे न ठरवता माणूस गाडीत बसतो. गोळ्या संपल्या की वेदना दुपटीने उसळते आणि मॉर्फिन एकाएकी तुटल्याचा त्रास वेगळाच. उधना-जळगाव ही 306 किलोमीटरची वाट धरून मोजकी उपजिल्हा रुग्णालये मान्यताप्राप्त केली, रुग्णाच्या हाती मराठी-गुजरातीत लिहिलेले डोसचे पत्र दिले आणि तिकडच्या परिचारिकेला निघण्याआधी फोन गेला, तर बरेचसे काम झाले. यात नवी इमारत कुठेच नाही.

आणखी एक अडचण घरातलीच असते. रोग्याला खरे सांगायचे नाही, त्याने हाय खाल्ली तर, असे घरचे म्हणतात. पण गावाला नेतोय म्हटल्यावर त्याला काय कळायचे ते कळतेच. न बोलण्याने एवढेच होते, की पीएफचा नंबर, कोणाची उचल बाकी आहे, वारस म्हणून नाव कोणाचे, हे विचारायचे राहून जाते.

आणि हे नंतर फार महागात पडते. मृत्यूची नोंद जिथे मृत्यू झाला तिथे होते, म्हणजे खानदेशातल्या ग्रामपंचायतीत. मिल आणि पीएफचे कार्यालय सुरतेत. तेराव्यानंतर विधवा पोरांच्या शाळेसाठी पांडेसऱ्याला परतते, तेव्हा तिच्या दुःखाला सवड नसते. धागे कापायला बसावे लागते आणि मधल्या दुपारी कागद घेऊन हिंडावे लागते. नवऱ्याचे नाव हजेरीपटावर असेल, तर पीएफच्या योजनेतून तिला महिना किमान 1000 रुपये निवृत्तिवेतन मिळू शकते. ईएसआयमध्ये, म्हणजे कामगार राज्य विमा योजनेत, असेल तर अंत्यसंस्काराचे 15 हजारांपर्यंत मिळतात. कर्करोगासारख्या दुखण्यात तर, पुरेशी सेवा झालेली असल्यास, दोन वर्षांपर्यंत मजुरीच्या 80 टक्के भरपाईची तरतूद आहे, म्हणजे हा पैसा तो जिवंत असताना खोलीचे भाडे भरू शकला असता. ठेकेदाराच्या वहीत नुसते ‘भाऊ’ म्हणून लिहिलेल्या माणसाला यातले काहीच लागू होत नाही. म्हणून घरी येणाऱ्या परिचारिकेच्या पिशवीत गोळ्या आणि पट्ट्यांबरोबर पीएफ आणि ईएसआयचे कोरे अर्जही असायला हवेत, आणि ते पहिल्याच भेटीत भरून घ्यायला हवेत, रोग्याला सही करता येत असेपर्यंत.