फरशी झिजवणारा कण

नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीत पाळी सुटते तेव्हा एखाद्या कारखान्याच्या दाराशी उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे तोंड न बघता बूट बघावेत. तळव्यांना काळी माती असते, आवारात पसरलेला मुरूम असतो, यंत्रांजवळच्या माणसांच्या बुटांना तेलाचा हातही लागलेला असतो. बाहेर बांधकाम चालू असेल तर रेती आणि गिट्टीची चुरी. हीच पावले पुढे वानाडोंगरीच्या कॉलेजांत, डिगडोहच्या रुग्णालयात, लोकमान्य नगरच्या मेट्रो स्थानकात शिरतात. सगळीकडे दिवसभर कोणीतरी पोछा मारत असते, आणि तरी वर्ष-दोन वर्षांत दारापासून काउंटरपर्यंत एक फिकट, मंद पट्टा उमटतोच.

हा पट्टा मळाचा आहे असे समजून त्यावर जास्त फिनाईल ओतले जाते. खरे तर तिथे फरशीवर काही साचलेले नसते; फरशीचे काहीतरी गेलेले असते. चकचकीत पृष्ठभागावरून प्रकाश एकाच दिशेने परततो. त्यावर बारीक ओरखडे पडले की प्रकाश विखुरतो आणि तीच फरशी मळकट दिसू लागते. ओरखडा पुसून जात नाही.

आता गुन्हेगार कोण? लोक काळ्या मातीकडे बोट दाखवतात, कारण ती दिसते. पण हिंगण्याच्या बाजूची काळी माती बसाल्ट खडक कुजून झालेली आहे, आणि तिच्यातला मुख्य खनिजगट, स्मेक्टाइट, अगदी मऊ असतो. जर्मन खनिजशास्त्रज्ञ फ्रिड्रिख मोस यांनी १८१२ च्या सुमारास खनिजांच्या काठिण्याची एक ते दहा अशी उतरंड लावली. तिच्यात या मातीचे स्थान एक-दोनच्या आसपास आहे. संगमरवर तीनवर, कोटा आणि शहाबादी फरशी तीन-चारच्या दरम्यान. नागपूरच्या बांधकामांत वर्षानुवर्षे वापरली गेलेली कन्हानची रेती मात्र बरीचशी क्वार्ट्झची, म्हणजे सातवर. मुरमात अधूनमधून सापडणारी गारगोटीही त्याच घरातली. जे खनिज वरच्या पायरीवर, ते खालच्याला ओरबाडते. काळी माती फरशी घाण करते; रेती फरशी खाते.

खात्री करायची असेल तर दारातले पायपुसणे झटकून पडलेली चिमूटभर धूळ काचेच्या ग्लासात पाण्याबरोबर हलवून ठेवावी. दहा सेंटीमीटर पाण्यातून दशांश मिलिमीटरचा रेतीचा कण दहा-बारा सेकंदांत तळ गाठतो. चिकणमातीच्या दोन सहस्रांश मिलिमीटरच्या कणाला तेवढ्याच अंतराला सुमारे आठ तास लागतात, म्हणून पाणी रात्रभर गढूळ राहते. सकाळी वरचे पाणी ओतून तळाचा गाळ वाळवा आणि कोटा फरशीच्या टाकाऊ तुकड्यावर अंगठ्याने घासा. कर्रकर्र आवाज येईल आणि तुकडा उजेडात तिरका धरला की रेघाही दिसतील. अंगठ्याच्या जोराने एवढे होते. साठ किलोचा माणूस टाचेवर वजन टाकून वळतो तेव्हा काय होत असेल?

म्हणून फरशीची निगा फरशीवर सुरू होत नाही, दारात सुरू होते. इथे साधा हिशोब आहे. माणसाचे एक पाऊल साधारण सत्तर सेंटीमीटरचे, म्हणजे तोच पाय पुन्हा टेकतो तो १.४ मीटरवर. दारात साठ सेंटीमीटरचे पायपुसणे टाकले तर एक पाय त्यावर पडतो, दुसरा ओलांडून जातो. दोन्ही तळवे तीन-तीनदा टेकायचे तर ४.२ मीटर लांबी हवी. बाहेरच्या बाजूला काथ्याची किंवा खरखरीत जाळीची चटई, जी मुरूम खरवडून घेईल. आत ओल शोषणारी. आणि ती रोज झटकायला हवी, कारण भरलेली चटई पुढच्या माणसाच्या बुटाला रेती परत देते. ‘सुस्वागतम्’ लिहिलेला जो हातभर तुकडा आपल्या कार्यालयांत दिसतो, तो शोभेचा आहे.

कार्पेटमध्ये हीच गोष्ट आणखी फसवी होते. कार्यालयांतले कार्पेट बहुधा नायलॉनचे असते आणि त्याचा धागा अनेकदा मुद्दाम त्रिकोणी छेदाचा बनवतात, म्हणजे प्रकाश परततो आणि आतली धूळ डोळ्यांना दिसत नाही. धूळ असतेच, ती धाग्यांच्या बुडाशी जाऊन बसते. प्रत्येक पावलाबरोबर लव दबते आणि रेतीच्या धारदार कडा धाग्यावर घासतात. धागा खरवडला गेला की कितीही धुतले तरी वाट करडीच राहते. त्यामुळे कार्पेट ‘घाण दिसल्यावर’ साफ करायचे ही पद्धत मुळातच उशिराची.

धूळ उडवायची की ओढायची, हा वाद शंभर वर्षांपूर्वीच निकाली निघाला. १९०१ मध्ये लंडनचा अभियंता ह्युबर्ट सेसिल बूथ याने हवा फुंकून धूळ उडवणाऱ्या यंत्राचे प्रात्यक्षिक पाहिले आणि उलटा विचार केला. पुढे त्याने खुर्चीच्या गादीवर रुमाल ठेवून तोंडाने हवा ओढून पाहिली; रुमालाला काळा डाग पडला. त्याचे पहिले यंत्र इतके मोठे होते की घोडागाडीतून न्यावे लागे आणि नळ्या खिडकीतून आत सोडाव्या लागत. एडवर्ड सातव्याच्या १९०२ मधल्या राज्याभिषेकाआधी वेस्टमिन्स्टर ॲबेतले गालिचे त्यानेच साफ केले. हातात धरता येणारे विजेचे यंत्र मात्र ओहायोतल्या एका दुकानातल्या झाडूवाल्याच्या डोक्यातून आले. झाडताना उडणाऱ्या धुळीने जेम्स मरे स्पँग्लरचा दमा बळावत असे. १९०८ मध्ये त्याला पेटंट मिळाले आणि ते हक्क पुढे हूव्हर कुटुंबाने घेतले. झाडू मारणाऱ्याच्या फुप्फुसांचा विचार ज्याला स्वतःच झाडू मारावा लागतो त्यालाच सुचला, हे नोंदवून ठेवण्यासारखे आहे.

पाणी आणि साबण यांचा नंबर कोरड्या सफाईनंतर. हेन्केल कंपनीतले रसायनतज्ज्ञ हर्बर्ट झिनर यांनी १९५९ मध्ये मांडलेले सूत्र जगभरचे सफाई व्यावसायिक आजही शिकतात: रसायन, घर्षण, तापमान आणि वेळ या चार गोष्टी मिळून मळ निघतो, एक कमी केली तर दुसरी वाढवावी लागते. आपल्याकडे वेळेला कात्री लागते आणि भरपाई रसायनाने होते. द्रावण टाकून पाच मिनिटे थांबायला कोणाला सवड नसते, म्हणून बादलीत दुप्पट झाकणे पडतात.

याचा परिणाम उलटा होतो. फिनाईल पाण्यात टाकल्यावर दुधासारखे पांढरे दिसते, कारण तेलाचे सूक्ष्म थेंब पाण्यात विखुरतात. पाणी उडून जाते, तेलाचा पापुद्रा मागे राहतो आणि नवी धूळ धरून ठेवतो. साध्या साबणाचे बोअरच्या जड पाण्याशी जमत नाही. त्यातल्या कॅल्शियमबरोबर साबणाचा चिकट, न विरघळणारा साका तयार होतो. पुसल्यावर दुसऱ्याच दिवशी फरशी आणखी काळी दिसते, असे सफाईवाल्या बायका सांगतात तेव्हा त्या खोटे बोलत नसतात. मापात साबण आणि नंतर साध्या पाण्याचा एक हात, एवढ्याने निम्मा त्रास जातो.

ॲसिडबद्दल मात्र सौम्य बोलण्याची सोय नाही. कोटा, शहाबादी आणि संगमरवर हे तिन्ही कॅल्शियम कार्बोनेटचे. संडास धुण्याचे हायड्रोक्लोरिक ॲसिड त्यावर पडले की फेस येतो. तो फेस मळाचा नसतो. दगड विरघळून निघालेला कार्बन डायऑक्साइड असतो. डाग जातो, कारण डागाखालचा दगडच जातो. उरलेला खडबडीत पृष्ठभाग पुढचा डाग दुप्पट वेगाने धरतो. मोझॅकचेही तेच, कारण त्यातल्या चिपा संगमरवराच्या आणि त्यांना धरणारे सिमेंटही ॲसिडला भिणारे. कारखान्यांच्या शेडमधल्या ट्रायमिक्सच्या जमिनीची तऱ्हा थोडी वेगळी: तिथे वरचा थर भुसभुशीत होऊन सिमेंटची धूळ सुटते. सिलिकेटचे डेन्सिफायर दिले तर ते काँक्रीटमधल्या चुन्याशी संयोग पावून पृष्ठभाग घट्ट करते.

कार्पेट धुण्यासाठी आपण दिवाळी धरतो. नागपूरकडे त्याहून चांगला महिना आहे, तो मे. कार्पेटचा डाग वरून गेला तरी बुडाशी मळ आणि पाणी उरते. वाळताना पाणी धाग्यावरून वर चढते आणि डाग पुन्हा उगवतो. जितके लवकर वाळेल तितके हे कमी. मे महिन्याच्या कोरड्या हवेत जे काही तासांत वाळते ते ऑगस्टमध्ये दोन दिवस ओले राहून कुबट वास धरते. एकच अट: त्या वेळी कूलर बंद ठेवावा. कूलर ओली हवाच आत ढकलतो; धुलाईनंतर पंखे आणि उघड्या खिडक्या पुरेशा असतात.

सफाईची कंत्राटे वाचली तर त्यांत माणसे किती, पाळ्या किती, फिनाईल किती लिटर हे सगळे असते. दारातल्या चटईची लांबी सहसा नसते, आणि माझ्या मते पहिले कलम तेच असायला हवे. मृग लागायच्या आधी आपल्या कार्यालयाच्या, शाळेच्या, दवाखान्याच्या दारात टेप लावून मोजा. चटई सव्वाचार मीटर भरत नसेल, तर फरशीच्या नव्या पॉलिशचा खर्च थांबवा आणि आधी ती घ्या.