झेल्याच्या जोडदांड्याचा सांधा अडकू देऊ नका

बागायतदार बंधूंनो, उंच कलमांवरील हापूस देठासह उतरवण्यासाठी तुमच्यापैकी काही जण झेल्याला अ‍ॅल्युमिनियमचा जोडदांडा लावतात. हंगाम संपला की दोन्ही नळ्या जोडलेल्याच पडवीत उभ्या राहतात आणि पुढच्या वर्षी सांधा हलत नाही. मग पुरा लांब दांडा खांद्यावर घेऊन माणूस बागेत फिरतो. अ‍ॅल्युमिनियम वीजवाहक आहे; दांड्याचे टोक वरच्या तारेला लागले तर जीव जाऊ शकतो.

अ‍ॅल्युमिनियमवर तांबडा गंज चढत नाही, पण किनाऱ्यावरील खाऱ्या हवेत पांढरी भुकटी धरते. नळ्यांमधील अरुंद फटीत ही भुकटी आणि मातीचे कण पाचरीसारखे बसतात. त्याच दांड्याने बोर्डो मिश्रण फवारले असल्यास मोरचुदातील तांब्यामुळे धातू अधिकच खाल्ला जातो.

म्हणून रोज काम संपताच दांडा सोडवावा, सांधा गोड्या पाण्याने धुऊन पुसावा आणि नळ्या सुट्याच ठेवाव्यात. तेल, ग्रीस लावू नये. आपल्याला ते लावल्याशिवाय चैन पडत नाही, पण त्यावर धूळ चिकटते.

सांधा अडकलाच तर हातोडी नको. नळी चेपली की दांडा कामातून गेला. आतल्या नळीभोवती गार ओले फडके गुंडाळून बाहेरच्या नळीवर सांध्यापाशी कढत पाणी ओतावे. बाहेरची नळी किंचित फुगते. लगेच दोघांनी जाड फडक्याने धरून, स्प्रिंगचे बटण दाबून, उलटसुलट पिळत ओढावे. दोन-तीनदा करावे लागेल. सुटल्यावर भुकटी नायलॉनच्या घासणीने काढावी, लोखंडी तारेच्या नव्हे.

तारेजवळच्या झाडांना मात्र धातूचा दांडा, आखूड असो वा लांब, लावूच नये. ओला बांबूही घातक.