आधी गणित, मग प्रोसेसर!

‘सगळ्यात महागडा प्रोसेसर घे, विषय संपला!’ बोनसमधून पीसी घ्यायचा म्हटल्यावर ऑफिसात हाच सल्ला मिळाला. पण मला गेम नाही खेळायचे. पावसाची मॉडेल्स चालवायचीयत, तीही रात्र-रात्र. तिथला हिशेब वेगळा असतो, राव!

ऑपरेटिंग सिस्टिम झटक्यात ठरली. लिनक्स. जगातले टॉप ५०० सुपरकॉम्प्युटर २०१७ पासून झाडून सगळे लिनक्सवरच चालतात. घरी लिहिलेला प्रोग्रॅम उद्या मोठ्या मशिनवर न्यायचा, तर दोन्हीकडे संसार एकसारखा हवा. विंडोज सोडवत नसेल, तर तिच्याच पोटात डब्ल्यूएसएल टाकून लिनक्स वापरता येतं. मॅक देखणा, पण एनव्हिडियाचं कार्ड हवं असेल तर तो बाद.

खरी गंमत प्रोसेसरची. सगळे कोअर मोजत बसतात. अशा मॉडेलचा बराच वेळ मात्र मेमरीतून आकडे आणण्यात जातो. १६ कोअर आणि रॅमचे चॅनल दोनच, म्हणजे दुकानात १६ काउंटर आणि गोदामातून माल आणणारी पोरं दोन! म्हणून मी ८ कोअरवर थांबलो आणि उरलेले पैसे रॅममध्ये घातले. ६४ जीबी, तेही ३२-३२ च्या दोन पट्ट्या. एकच पट्टी लावली, तर एक पोरगा घरीच बसतो.

खरेदीआधी मित्राच्या पीसीवर स्वतःचा प्रोग्रॅम ४ आणि मग ८ कोअरवर चालवून बघा. वेळ फारसा कमी झाला नाही, तर जास्त कोअरचे पैसे वाचले की!